टेलिफोन कॉलनीतली शेवटची जोडणी

सोमवार, ९ मे २०३९. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी वीज कंपनीचा लाइनमन रामटेके आर्वीच्या टेलिफोन कॉलनीत आला आणि नऊ नंबरच्या दारावर एक कागद चिकटवून परत फिरला.

देविदास हिवसे त्या वेळी चार नंबरच्या गच्चीवर सोलर पॅनेल पुसत होते. त्यांनी कागद पाहिला, फडकं बादलीत टाकलं आणि अडुसष्ट वर्षांच्या माणसाला झेपेल तितक्या घाईनं खाली उतरले. रामटेके स्कूटरला किल्ली लावत होता.

"काय लावलं रे?"

"नोटीस आहे, साहेब. डीपी उचलायची. एकच कनेक्शन राह्यलं ना तुमच्या कॉलनीत, डेहनकर बाईंचं."

"एक कसं? तीन नंबरचं आहे की. ठवकर साहेबांचं. ती काय वायर."

रामटेकेनं मान वर करून खांबाकडे पाहिलं. "वायर आहे जी. वायरीत काही नाही. साहेब गेल्यावर त्यांच्या पोरीनं बंगळुरूहून बंद करून टाकलं, मागच्या दिवाळीत."

३१ मार्चला हिवशांनी स्वतःचं मीटर वीज कंपनीला परत केलं होतं. त्याआधी नियम नीट वाचला होता. एका डीपीवर, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर, किमान दोन चालू जोडण्या हव्यात, नाहीतर कंपनी डीपी आणि तारा काढून नेणार. म्हणून त्यांनी खांबाखाली उभं राहून घरांत जाणाऱ्या सर्व्हिस वायरी मोजल्या होत्या. आपली सोडून दोन भरल्या. उभी नोकरी तारांवर काढलेल्या माणसानं तारा मोजल्या आणि कार्यालयातला कागद पाहिला नाही.

नोटिशीवर तारीख होती बुधवार, ८ जून.

कॉलनी नऊ घरांची. दूरध्वनी खात्यातल्या नऊ जणांनी चाळीस वर्षांपूर्वी मिळून प्लॉट घेतले होते. त्यांतले दोघेच उरले होते. चार नंबरला हिवसे, ज्यांनी एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये अठ्ठावीस वर्षं काढली; आणि नऊ नंबरला कुंदा डेहनकर, त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर ऑपरेटर. बाकी घरांत मुलं, सुना, भाडेकरू. हिवशांची बायको सहा वर्षांपूर्वी वारली, मुलगा वडोदऱ्याला. डेहनकर बाईंनी लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल कुणाला विचारूही दिलं नाही.

कॉलनी वीज कंपनीच्या तारेवरून सुटली ती एका छोट्या यंत्रामुळे. लिथियमचा सेल एकदम मरत नाही. विजेच्या स्कूटरला जोर लागतो, म्हणून सेलची क्षमता तीन चतुर्थांशावर आली की तो काढून टाकतात. पण घरातला पंखा, फ्रिज, चार दिवे यांना तेवढा सेल आणखी दहा वर्षं पुरतो. अडचण एकच होती. भंगारातल्या हजार सेलांतला कोणता किती जगणार हे कळायला प्रत्येक सेल पूर्ण भरून पूर्ण रिकामा करून पाहावा लागे, आणि त्यात एकेक दिवस जाई. २०३४ साली एका प्रयोगशाळेनं हातात मावेल असं यंत्र काढलं. ते सेलमधून अगदी हळू ते अगदी जलद अशा लयीत विजेचे बारीक झोके सोडतं आणि सेल त्याला कसं उत्तर देतो ते ऐकतं. आतला रोध किती वाढला, लिथियम किती अडकून पडलं, वर्षं किती उरली, हे चाळीस सेकंदांत सांगतं. लोकांनी त्याला नाव दिलं नाडीयंत्र. वर्षभरात ते हार्डवेअरच्या दुकानात पंख्याच्या रेग्युलेटरशेजारी लटकू लागलं.

हिवशांना ते हातात आलं आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा सकाळी उठायला कारण मिळालं. घरच्या बॅटरीत सोळा सेल माळेसारखे एकामागोमाग जोडायचे असतात. माळेतून वीज एकाच वाटेनं जाते, त्यामुळे सगळ्यांत दुबळा सेल जिथं थांबेल तिथं सगळी माळ थांबते. पंधरा सेल कितीही दांडगे असोत. म्हणून खरी कारागिरी जोडण्यात नाही, निवडण्यात आहे. हिवसे अमरावतीच्या भंगार बाजारातून पोत्यानं सेल आणत, जेवणाच्या टेबलावर मांडत, आणि एकमेकांशी जुळणारे सोळा मिळेपर्यंत उठत नसत. स्वतःची बॅटरी झाली, मग दोन नंबरला राहणाऱ्या मोहोड सरांची, मग पाच नंबरची. तीन वर्षांत सात घरं त्यांनी उभी करून दिली. तारेवरून पूर्ण सुटलेल्या घराच्या गेटवर वीज कंपनी निळी पाटी लावते, 'स्वयंपूर्ण घर'. सहा पाट्या लागल्या. सातवी हिवशांची. चारशे दिवस एकही युनिट न घेता त्यांनी ती मिळवली होती.

डेहनकर बाईंच्या घरावर पाटी लागणं शक्य नव्हतं. त्यांच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला संत्र्यांच्या कोल्ड स्टोरेजची पंचवीस मीटर उंच भिंत उभी राहिली होती. गच्चीवर सकाळचं दोन तास ऊन, मग सावली.

दुपारी चार वाजता हिवशांचा फोन वाजला.

"बॅटरी रूम, रीडिंग सांगा."

एक्स्चेंजमध्ये हा नियम होता. रोज चारला ऑपरेटरनं वरून खाली इंटरकॉम करायचा, व्होल्टेज विचारायचं आणि वहीत लिहायचं. एक्स्चेंज बंद पडलं, इमारतीत कोचिंग क्लास आला. हिवशांची घरची बॅटरी चालू झाली त्या आठवड्यात बाईंनी गमतीनं फोन केला होता, आणि मग तो रोजचाच झाला.

"त्रेपन्न पॉइंट एक," हिवसे म्हणाले.

"लिहिलं." त्या काही लिहीत नसत. "नोटीस वाचली असेल तुम्ही. गच्चीवरून दिसते म्हणा सगळं."

"बाई, मी तीन नंबरचं कनेक्शन धरलं होतं मोजणीत."

"अन् मला विचारायचं नाही? ठवकरांच्या पोरीनं मला सांगूनच बंद केलं. मी ऑपरेटर होते हिवसे, कोणती लाइन जिवंत अन् कोणती मेलेली, हे मला विचारायचं असते."

"चुकलं."

"त्या निळ्या पाटीपायी." त्या हसल्या, पण पुरतं नाही. "पंकजला कळवलं मी. तो म्हणते, आत्या, आता तरी पुण्याला ये. खोली तयार आहे म्हणते. चौदाव्या मजल्यावर."

"जाणार?"

"अंधारात बसू का मग? फ्रिजमध्ये इन्शुलिन आहे माझं. आठ जूनपर्यंत काही झालं तर झालं. नाहीतर मी चालली."

हिवशांनी फोन ठेवला. दिवसभरात ते या एका माणसाशी बोलत. मुलाचा फोन रविवारी येई, तोही त्यांच्यापेक्षा त्यांच्या रक्तदाबाशी जास्त बोले.

दुसऱ्या दिवशी ते वीज कंपनीच्या कार्यालयात गेले. कनिष्ठ अभियंता मेश्राम मॅडम तिशीच्या, बोलायला सरळ.

"मला माझं मीटर परत पाहिजे," हिवसे म्हणाले.

"काढायच्या यादीतल्या डीपीवर नवीन जोडणी देता येत नाही, काका."

"मी जोडणी घेतली तर डीपी यादीतून निघते ना?"

"निघते. पण यादीत आहे तोवर जोडणी देता येत नाही."

हिवशांनी चष्मा काढून पुसला. मेश्राम मॅडमलाच अवघडल्यासारखं झालं. त्यांनी नियमाची प्रत पुढे सरकवली. "एक कलम आहे, सातवं. ज्यांना दुसरा काही सुरक्षित पर्यायच नाही असे दोन ग्राहक एकत्र अर्ज करत असतील तर डीपी ठेवता येते. डेहनकर मॅडम बसतात त्यात. तुम्ही नाही बसत. तुमच्या घरी बॅटरी आहे, आणि ती उत्तम आहे हे तुम्हीच मार्चमध्ये आम्हाला लिहून दिलंय."

बाहेर रस्त्यावर पंचेचाळीस अंश ऊन होतं. घरी येईपर्यंत हिवशांनी ठरवलं होतं. डीपी राहत नसेल तर वीज आपल्या घरातून नऊ नंबरला न्यायची.

दोनशे तीस व्होल्टची तार रस्त्यापलीकडे नेणं खासगी माणसाला मना होतं. पण साठ व्होल्टच्या खालच्या डीसी तारेला परवानगी लागत नव्हती, आणि त्यांची बॅटरी एक्कावन्न व्होल्टची होती. अंतर साठ मीटर. इतक्या कमी व्होल्टला इतकं अंतर म्हणजे तार जाड हवी, नाहीतर निम्मी वीज वाटेतच गरम होऊन जायची. एक्स्चेंज मोडलं तेव्हा लिलावात घेतलेली तांब्याची केबल त्यांच्याकडे पडून होती. मनगटाएवढी जाड.

पंकजनं आत्यासाठी पुण्याहून तयार पेटी आणली. भिंतीवर टांगायची, पांढरी, गुळगुळीत. आत बॅटरी आणि इन्व्हर्टर दोन्ही. २१ मेच्या शनिवारी त्यानं ती स्वतः बसवली आणि तिची अर्थिंगची तार घराच्या अर्थिंगला जोडली. पोरगा वाईट नव्हता. फक्त त्याला घाई होती.

"काका, उघडू नका हं. सील तुटलं की वॉरंटी गेली. प्लसला प्लस, मायनसला मायनस. बास."

"आतलं सर्किट पाहायला मिळालं असतं तर बरं होतं."

"कंपनीनं पाहिलंय ना ते." मग त्यानं आवाज खाली आणला. "हे बघा, मी आत्याला आठ जूनपर्यंत वेळ दिलाय. तोवर विनाकटकट चाललं तर राहू दे तिला इथं. एकदा जरी गडबड झाली, तर मी घेऊन जाणार. ती इथं एकटी आहे हो."

"मी आहे ना," हिवसे म्हणाले. पंकजनं मान डोलावली, जशी म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यावर डोलावतात.

केबलसाठी चर खणायला चार दिवस लागले. रस्त्यातून नगर परिषदेचा जुना पाइप होता, त्यातून केबल ओढली. मोहोड सर दोन नंबरच्या कुंपणाला टेकून बघत उभे राहिले.

"काय जी हिवसे, एक्स्चेंज पुन्हा चालू करून राह्यले का?"

"हो. तुमचं कनेक्शन कापतो पहिले."

"कापा बाप्पा. बायको माहेरी फोन करते तो तरी बंद होईल." मग कुंपणापलीकडून थंड पाण्याची बाटली देत ते म्हणाले, "पण साठ मीटर खणता बाईसाठी, आमच्या वेळी साठ इंच नाही खणले."

"तुमच्या घरावर ऊन आहे, सर."

२८ मेला सकाळी नऊ वाजता हिवशांनी प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडलं. डेहनकर बाईंनी मेन स्विच खाली केला, म्हणजे तारेवरची वीज बंद. पंखा क्षणभर मंदावला आणि पुन्हा वेगात आला.

"तुमच्या घरची हवा आली," बाई म्हणाल्या. चहा टाकायला आत गेल्या आणि जाताना पंख्याखाली थांबून त्यांनी पदर झटकला.

त्या दिवशी चारचा फोन आला नाही, कारण चार वाजता हिवसे तिथंच बसलेले होते. पहिल्याच दिवशी त्यांना एक गोष्ट खटकली. त्यांच्या बॅटरीतून जितका प्रवाह निघत होता तितका पेटीत पोहोचत नव्हता. चार अँपिअर कुठंतरी कमी. त्यांनी सांधे उघडून पुन्हा आवळले. फरक तसाच राहिला.

बॅटरी रूममध्ये अशा वेळी काय करायचं हे ठरलेलं होतं. रीडिंग भरकटायला लागलं की आधी अर्थिंगचा खड्डा बघायचा. उन्हाळ्यात माती सुकते, अर्थिंग कमजोर होतं आणि मीटर खोटं बोलू लागतात. म्हणून खड्ड्यात मीठ, कोळसा आणि रोज दोन बादल्या पाणी. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हे केलं होतं. त्यांनी स्वतःच्या घराचा खड्डा भिजवला आणि डेहनकर बाईंच्या मागच्या अंगणातला, पंधरा वर्षांत कुणी न पाहिलेला खड्डाही उकरून, मीठ-कोळसा भरून, पाण्यानं तुडुंब केला.

तिसऱ्या दिवशी फरक नऊ अँपिअर झाला. त्यांनी आणखी पाणी घातलं.

"माझ्या मोगऱ्याला कधी इतकं पाणी मिळालं नाही," बाई म्हणाल्या.

"अर्थिंग पक्कं पाहिजे. सगळं त्याच्यावर असते."

गुरुवारी, २ जूनला, दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी नऊ नंबरच्या खिडकीतून धूर निघाला.

हिवसे पोहोचले तेव्हा पेटीचा खालचा अर्धा भाग वितळून भिंतीवर ओघळला होता आणि शेजारचा पडदा जळत होता. बाईंनी माठातलं पाणी त्यावर ओतलं होतं आणि पेटीचा लाल दांडा उघड्या हातानं ओढून बंद केला होता. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. उजवा तळहात त्यांनी भरलेल्या पातेल्यात बुडवला होता.

"स्विच का पडला नाही त्याचा?" त्यांनी शांतपणे विचारलं. "एवढं जळेस्तोवर पडायला पाहिजे होता ना?"

पडायला हवा होता. हिवशांनी संध्याकाळी उजेड असेपर्यंत मोजमाप केलं आणि सहा वाजायच्या आत त्यांना सगळं कळलं.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बॅटरीचं धन टोक, प्लस, जमिनीला जोडतात. जगभर तसंच. कारण जमिनीखालच्या तांब्याच्या तारांना ओल लागली की मायनसला अर्थिंग असताना तांबं झिजून जातं. प्लसला असेल तर टिकतं. घरासाठी येणाऱ्या सगळ्या तयार पेट्यांत मात्र मायनस जमिनीला जोडलेलं असतं. हिवशांच्या हाताला एक्स्चेंजची सवय. त्यांनी स्वतःच्या घरी प्लस जमिनीत घातलं, मोहोडांकडे तसंच, सातही घरांत तसंच. कधी काही बिघडलं नाही, कारण कोणतंही घर दुसऱ्या घराला जोडलेलं नव्हतं. एकट्या घराला कोणतं टोक जमिनीत आहे यानं फरक पडत नाही.

दोन घरं जोडल्यावर पडला. इकडे प्लस जमिनीत, तिकडे मायनस जमिनीत. वीज केबलमधून गेली तशी दोन खड्ड्यांच्या मधल्या मातीतूनही फिरू लागली. माती कोरडी होती तोवर चार अँपिअर. पेटीचा स्विच चाळीस अँपिअरला आपोआप पडणारा, त्याला ते कळलंही नाही. मग हिवशांनी मीठ घातलं, पाणी घातलं, आणि माती चांगली वाहक होत गेली. नऊ झाले, सोळा झाले. पेटीच्या आत मायनसला जमिनीशी जोडणारी पट्टी केसाएवढी होती, अर्ध्या अँपिअरच्या हिशेबानं बनवलेली. ती पाच दिवस तापत राहिली.

खड्ड्यांना पाणी घातलं नसतं तर कदाचित आठ जून विनाकटकट उजाडला असता.

पंकज शनिवारी गाडी घेऊन आला. तो रागावला, पण पेटीच्या कंपनीवर. "केस करणार मी. घरात ठेवायची वस्तू आहे ही?" हिवसे उभे होते. डेहनकर बाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या, हाताला पांढरी पट्टी, मांडीवर इन्शुलिनचा थर्मास.

"बाई," हिवसे म्हणाले.

"किल्ली मोहोड सरांकडे दिली आहे. मोगऱ्याला पाणी नका घालू, कुजला असेल तो." त्यांनी समोर पाहिलं. "चल रे पंकज. ऊन व्हायच्या आत समृद्धीला लागू."

त्या दिवसापासून चारचा फोन आला नाही. हिवशांनीही केला नाही. त्यांनी कागद काढला.

सोमवारी सकाळी त्यांनी पाच पानी जबाब मेश्राम मॅडमच्या टेबलावर ठेवला. आकृती, मोजमापं, तारखा, कोणत्या दिवशी किती बादल्या पाणी, सगळं. मॅडमनी तो सावकाश वाचला आणि दार लोटून घेतलं.

"काका, हे असं दिलं तर विद्युत निरीक्षक तुमची बॅटरी सील करतील. तुम्ही लावलेल्या बाकी घरांनाही नोटीस जाईल. 'कारण समजू शकले नाही' एवढं लिहा ना. पेटीतच आग लागली होती."

"कारण समजलं आहे, मॅडम."

"त्यानं काय होईल?"

"माझी बॅटरी सील झाली की मला पर्याय राहत नाही. सातव्या कलमात मी बसतो."

मेश्राम मॅडम उठल्या. मग त्यांनी कपाटातून दोन फॉर्म काढले. "दोघांच्या सह्या लागतात. तुमचा एक झाला. त्यांचा?"

"पाठवतो."

मंगळवारी निरीक्षक आले. हिवशांच्या बॅटरीच्या दोन्ही टोकांवर शिशाचं सील बसलं. गेटवरची निळी पाटी त्यांनी स्वतः पान्ह्यानं काढून दिली. अर्ज विचाराधीन आहे म्हणून ८ जूनला डीपी उतरवली गेली नाही. बाईंचा फॉर्म आला नव्हता, म्हणून नऊ नंबरची जोडणी तेवढी त्या दिवशी कापली. आता खांबावर डीपी गुणगुणत होती आणि तिच्याखाली एकही घर नव्हतं.

बाकी सहा घरांना पंधरा दिवसांत अर्थिंग बदलून घ्यायची नोटीस गेली. काम अर्ध्या दिवसाचं. ते हिवशांना कुणी सांगितलं नाही. मोहोड सरांनी वर्ध्याहून माणूस बोलावला आणि तो सहाही घरं करून गेला. तो गेल्यावर मोहोड सर चार नंबरच्या गेटपाशी आले. आत आले नाहीत.

"आमचं नाव कायले लेहिलं हिवसे तुम्ही? स्वतःचं लेहायचं होतं. आमची त काही तक्रार नव्हती ना?"

"तुमच्या घरी पण तेच आहे, सर. उद्या कुणी तुम्हाला जोडलं असतं तर..."

"कोण जोडणार होतं?" मोहोड सर म्हणाले. "कोणाला कोण जोडते आता?"

ते गेले. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आर्वीत पाऊस झाला नाही. हिवसे दुपारी दार उघडं टाकून जुन्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसत. मुलगा वडोदऱ्याला ये म्हणाला. ते म्हणाले, अर्ज टाकला आहे, निकाल लागेपर्यंत नाही येत. गच्चीवर पॅनेल तापत असत. ती वीज कुठंच जात नव्हती.

फॉर्म त्यांनी ७ जूनलाच पुण्याला रजिस्टर पोस्टानं पाठवला होता. पाकिटात तीन गोष्टी होत्या. सहीसाठी कोरा फॉर्म. परतीचं, तिकीट लावलेलं पाकीट. आणि पाच पानी जबाबाची प्रत. ती घालावी की नाही यावर त्यांनी एक पूर्ण दिवस घालवला होता. न घालता पाठवलं असतं तर बाईंनी आग पेटीच्या माथी धरली असती आणि कदाचित लगेच सही केली असती. पत्र त्यांनी लिहिलं नाही. जबाबाच्या पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात फक्त 'माहितीसाठी' असं लिहिलं, खात्यात लिहीत तसं.

२३ जून, गुरुवार. मेश्राम मॅडमनी सकाळी फोन करून सांगितलं की प्रकरण नागपूरला गेलं आहे आणि दुसरा फॉर्म महिनाअखेरपर्यंत आला तर जोडला जाईल. त्यानंतर नाही. हिवसे अकराच्या सुमारास पोस्टात गेले. काउंटरवरच्या माणसानं नोंद काढून पडदा त्यांच्याकडे वळवला. पाकीट १३ जूनला दुपारी पोहोचलं होतं. घेणाऱ्याच्या रकान्यात सही होती, डाव्या हातानं केल्यासारखी वाकडी, पण अक्षरं लागत होती: कु. डेहनकर.

परतीचं पाकीट त्या दिवशीच्या शेवटच्या टपालापर्यंत, म्हणजे दुपारी सव्वातीनपर्यंत, आर्वीला आलेलं नव्हतं. जबाब बाईंच्या हातात पडून दहा दिवस झाले होते, आणि महिनाअखेरीला सात दिवस उरले होते.